एका मोठ्या संख्येचे गुणधर्म हाताने कसे काढावेत

नऊ-दहा अंकी संख्या समोर आली की बहुतेकांचा हात आधी भागाकाराकडे वळतो. दोनने पाहू, तीनने पाहू, सातने पाहू, असे करत दहा-बारा भागाकार फुकट गेले की कागद बाजूला सरकतो. चूक भागाकारात नसते, क्रमात असते. संख्येच्या रूपाकडे आधी नीट पाहिले तर बरेचसे भागाकार करावेच लागत नाहीत. एकदा मूळ अवयव हाती आले की विभाजक किती, त्यांची बेरीज किती, संख्येशी सहमूळ (म्हणजे १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या) लहान संख्या किती, ती दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते का, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे दोन-चार गुणाकारांत निघतात.

रीत दाखवण्यासाठी येथे ९८,७६,५४,३२१ ही संख्या घेतली आहे, म्हणजे अठ्ठ्याण्णव कोटी शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. ती लक्षात ठेवायला सोपी आहे, त्यामुळे वाचकाला पान न उलटता शेजारच्या कागदावर गणित करत राहता येईल. तिच्या अंकांची उतरती भाजणी डोळ्यांत भरते, पण या भाजणीवरून तिच्या अवयवांबद्दल फारसे काही कळत नाही, आणि उदाहरण म्हणून ती मला याच कारणासाठी आवडते. साधने म्हणून कागद आणि पेन्सिल पुरे. खिशातल्या अनेक कॅल्क्युलेटरांवर आठच अंक मावतात, त्यामुळे ही संख्या त्यांच्यावर बसणारही नाही.

भागाकारापूर्वी अंक वाचावेत

शेवटचा अंक १ आहे, म्हणजे २ आणि ५ बाद. त्याच बैठकीत शेवटचे चार अंकही पाहून घ्यावेत. दहा हजाराला १६ ने निःशेष भाग जात असल्यामुळे संपूर्ण संख्येला १६ ने भागल्यावर जी बाकी उरते, तीच ४,३२१ ला भागल्यावर उरते, आणि ती १ आहे. त्यामुळे ८ ने आणि ४ ने भागल्यासही बाकी १ च उरणार. चारने भागल्यावर एक उरतो, ही नोंद कागदाच्या कोपऱ्यात करून ठेवावी. पुढे ती उपयोगी पडते.

अंकांची बेरीज ४५ येते, म्हणून संख्येला ९ ने भाग जातो. हे अंकांच्या क्रमावर अवलंबून नाही. १ ते ९ हे अंक कोणत्याही क्रमाने मांडले तरी बेरीज ४५ च, म्हणून त्या ३,६२,८८० मांडण्यांपैकी एकही मूळ संख्या असू शकत नाही.

७, ११ आणि १३ यांसाठी तीन वेगळे भागाकार करण्याची गरज नाही, कारण तिघांचा गुणाकार १,००१ आहे. संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडावेत आणि त्यांना आळीपाळीने अधिक व उणे चिन्हे द्यावीत. येथे एक सावधगिरी हवी. आपण स्वल्पविराम हजार, लाख, कोटी यांप्रमाणे देतो, त्यामुळे डोळा आपोआप ९८, ७६, ५४, ३२१ असे गट वाचतो, आणि तेच गट बेरजेत घेतले की उत्तर चुकते. गट ९८७, ६५४ आणि ३२१ असे पडले पाहिजेत. ३२१ मधून ६५४ वजा करून ९८७ मिळवले की पुन्हा ६५४ च येतात. आता ही तीन अंकी संख्या तपासली की झाले: ७ ने बाकी ३, ११ ने बाकी ५, १३ ने बाकी ४. तिघेही बाद.

हेच गट चिन्ह न बदलता मिळवले तर २७ आणि ३७ यांची कसोटी मिळते, कारण त्यांचा गुणाकार ९९९ आहे. बेरीज १,९६२ येते. तिचेही गट करून १ आणि ९६२ मिळवले की ९६३ उरतात. ३७ ने भागल्यास बाकी १, आणि २७ ने भागल्यास बाकी १८. म्हणजे ३७ बाद झालाच, शिवाय संख्येत ३ हा अवयव नेमका दोनदा आहे, तिसऱ्यांदा नाही, हेही भागाकार न करता कळले.

अवयवांकडे वळण्यापूर्वी संख्या पूर्ण वर्ग आहे का, हे पाहून घ्यावे. नेहमीच्या चाळण्यांतून ही संख्या बिनबोभाट सुटते: शेवटचा अंक १ चालतो, अंकांची बेरीज नऊच्या पटीत आहे हेही चालते, १६ ने बाकी १ हेही वर्गाला शोभणारेच आहे. मात्र कोणत्याही वर्गाला ७ ने भागल्यास बाकी ०, १, २ किंवा ४ च उरते, आणि आपल्याकडे आधीच ३ आलेली आहे. म्हणून ही संख्या वर्ग नाही. तरीही वर्गमूळ अंदाजे किती, हे काढून ठेवावेच लागते, कारण अवयव शोधण्याची हद्द तेथे संपते. ३१,४२७ चा वर्ग ९८,७६,५६,३२९ आहे, म्हणजे आपली संख्या त्याच्यापेक्षा केवळ २,००८ ने लहान आहे. हद्द ३१,४२६.

मूळ अवयव पाडणे

नऊने भागून १०,९७,३९,३६९ मिळतात. लगेच हद्द पुन्हा काढावी: आता ती १०,४७५ वर आली. प्रत्येक यशस्वी भागाकारानंतर हद्द नव्याने काढायला अनेक जण विसरतात आणि जुन्याच हद्दीपर्यंत विनाकारण भागत राहतात. ७, ११, १३ यांची कसोटी पुन्हा घेण्याचे मात्र कारण नाही, कारण ज्याने मूळच्या संख्येला भाग जात नाही, त्याने तिच्या कोणत्याही विभाजकालाही जाणार नाही.

पुढचा क्रमांक १७ चा. त्याची कसोटी शाळेत फारशी शिकवत नाहीत, पण ती सोपी आहे: शेवटचा अंक खोडावा, त्याची पाचपट करावी आणि उरलेल्या संख्येतून वजा करावी. १०,९७,३९,३६९ मधला ९ खोडून ४५ वजा केले की १,०९,७३,८९१ येतात. मग १ खोडून ५ वजा केल्यावर १०,९७,३८४; ४ खोडून २० वजा केल्यावर १,०९,७१८; ८ खोडून ४० वजा केल्यावर १०,९३१; १ खोडून ५ वजा केल्यावर १,०८८; आणि शेवटी ८ खोडून ४० वजा केल्यावर ६८. सतरा चोक अडुसष्ट, म्हणजे भाग जातो. यामागचे कारण असे की संख्या दहापट अ अधिक ब अशी लिहिली, तर तिच्या पाचपटीत अ पन्नास वेळा आणि ब पाच वेळा येतो. त्यात अ वजा पाचपट ब ही रक्कम मिळवली की एकावन्नपट अ उरतो, आणि ५१ हा १७ च्याच पाढ्यातला आहे. म्हणून एकाला १७ ने भाग गेला तर दुसऱ्यालाही जातोच.

प्रत्यक्ष भागाकार केल्यावर ६४,५५,२५७ हाती येतात आणि हद्द २,५४० वर उतरते. येथे घाईने १९ कडे जाऊ नये. जो अवयव नुकताच सापडला तोच पुन्हा लावून पाहावा. ६४,५५,२५७ वर तीच कसोटी चालवली की ६,४५,४९०, मग ६४,५४९, ६,४०९, ५९५ आणि शेवटी ३४ येतात. पुन्हा भाग जातो! भागाकार ३,७९,७२१ आणि हद्द अवघी ६१६. तिसऱ्यांदा कसोटी घेतली तर ३२ उरतात, म्हणजे १७ येथे संपला.

उरलेली संख्या मूळ आहे हे कसे ठरवावे

कामाचा खरा भाग हा आहे, आणि बहुतेक जण येथेच कंटाळतात. ६१६ पर्यंत ११२ मूळ संख्या आहेत. त्यांपैकी पहिल्या सात, म्हणजे २ ते १७, निकालात निघाल्या आहेत, उरल्या १०५. एकशे पाच भागाकार अशक्य नाहीत, पण एवढ्या भागाकारांत एखादी वजाबाकी चुकली तर ती लक्षातही येणार नाही. त्याऐवजी कोपऱ्यातली ती नोंद आठवावी: संख्येला चारने भागल्यावर एक उरतो. ३,७९,७२१ च्या बाबतीतही तसेच आहे, कारण २१ ला चारने भागल्यास १ उरतो. अशी संख्या दोन वर्गांची बेरीज असण्याची शक्यता असते, आणि तशी ती निघाली तर भागाकार निम्म्यावर येतात.

शोध वरून खाली घ्यावा. ६१६ चा वर्ग वजा केला की २६५ उरतात; हा वर्ग नाही, कारण १६ चा वर्ग २५६ आणि १७ चा २८९. ६१५ चा वर्ग वजा केल्यावर १,४९६ उरतात, तोही नाही. ६१४ साठी २,७२५. ५२ च्या वर्गाला २१ ने ओलांडून गेला. ६१३ साठी ३,९५२ आणि ६१२ साठी ५,१७७. शेवटी २, ३, ७ किंवा ८ असलेली संख्या कधीच वर्ग नसते, म्हणून हे दोन्ही नुसते पाहूनच सोडावेत. ६११ चा वर्ग ३,७३,३२१. तो वजा केला की ६,४०० उरतात, म्हणजे ८० चा वर्ग. सहाव्या प्रयत्नात काम झाले. प्रत्येक वेळी नशीब इतके साथ देईल असे नाही, पण पंधरा-वीस वजाबाक्या करून पाहणे नेहमीच परवडते.

आता याचा उपयोग पाहू. ६११ आणि ८० यांना सामाईक अवयव नाही: ६११ म्हणजे १३ गुणिले ४७, तर ८० मध्ये फक्त २ आणि ५ आहेत. ज्या दोन संख्यांना सामाईक अवयव नाही, त्यांच्या वर्गांच्या बेरजेला ४ ने भागल्यावर ३ उरणाऱ्या कोणत्याही मूळ संख्येने भाग जात नाही. याची सिद्धता छोटी आहे. समजा, ४क + ३ या रूपाच्या मूळ संख्येने अ आणि ब यांच्या वर्गांच्या बेरजेला भाग गेला. तर तिने भागताना अ चा वर्ग आणि उणे ब चा वर्ग यांची बाकी सारखीच राहणार. दोन्ही बाजूंचा २क + १ वा घात घ्यावा. हा घातांक विषम असल्यामुळे उणे चिन्ह टिकून राहते, आणि अ चा ४क + २ वा घात व उणे ब चा तोच घात यांची बाकी सारखीच येते. पण ४क + २ म्हणजे त्या मूळ संख्येपेक्षा एकने कमी, आणि फर्माच्या लघु सिद्धांतानुसार एवढा घात घेतल्यावर बाकी १ उरते. म्हणजे १ आणि उणे १ यांची बाकी सारखी ठरते, आणि हे २ वगळता कोणत्याही मूळ संख्येच्या बाबतीत शक्य नाही.

या एका निरीक्षणाने १९, २३, ३१, ४३, ४७ अशा सर्व मूळ संख्या एका फटक्यात बाद होतात. ६१६ पर्यंत ४क + १ या रूपाच्या मूळ संख्या ५३ आहेत. त्यांतल्या ५, १३ आणि १७ तपासून झाल्या, राहिल्या ५०. हे पन्नास भागाकार मात्र करावेच लागतात. २९ ने बाकी २४, ३७ ने २७, ४१ ने २०, असे करत करत ६०१ ने ४९० आणि शेवटी ६१३ ने २७४ उरतात. कोणाचाच भाग जात नाही, म्हणून ३,७९,७२१ ही मूळ संख्या आहे. (३७ मूळच्या कसोटीत आधीच बाद झाला होता, पण या यादीत तो ठेवलेला बरा, कारण हा भागाकार आधीच्या हिशेबाचा पडताळाही ठरतो.)

ज्यांना भागाकारांपेक्षा वजाबाक्या सोप्या वाटतात, त्यांच्यासाठी ऑयलरने दाखवलेली दुसरी वाट आहे. ४क + १ या रूपाची संख्या दोन वर्गांच्या बेरजेत एकाच प्रकारे मांडता आली आणि ते दोन वर्ग सामाईक अवयव नसलेल्या संख्यांचे असले, तर ती मूळ असते. दुसरी मांडणी सापडली तर ती संयुक्त असते. येथे त्यासाठी ४३६ पासून ६१६ पर्यंतचे १८१ वर्ग वजा करून पाहावे लागतील. मी पन्नास भागाकारच पसंत करतो.

अवयवांचे रूप आधी ओळखून शोध आखडण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरणही ऑयलरचेच आहे. २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, ही मूळ संख्या असावी असे फर्माला वाटत होते. हीसुद्धा दोन वर्गांचीच बेरीज आहे: ६५,५३६ चा वर्ग आणि १ चा वर्ग. पण तिच्या बाबतीत याहून कडक अट लागू होते: तिच्या प्रत्येक मूळ अवयवाला ६४ ने भागल्यास १ उरला पाहिजे. अशा मूळ संख्या ओळीने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा येतात, आणि पाचव्याच संख्येने भाग जातो. ६४१ गुणिले ६७,००,४१७ हे अवयव ऑयलरने १७३२ साली मांडले.

अवयवांतून बाकीचे गुणधर्म

तर आपली संख्या म्हणजे ३ चा वर्ग, १७ चा वर्ग आणि ३,७९,७२१ यांचा गुणाकार. पहिल्या दोघांना एकत्र केले की ५१ चा वर्ग, म्हणजे २,६०१ होतो. संख्येला ज्याने भाग जातो असा हा सर्वांत मोठा वर्ग.

विभाजकांची संख्या काढताना प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार करावा: ३ × ३ × २ = १८. त्यांपैकी नऊ लहान आहेत, १, ३, ९, १७, ५१, १५३, २८९, ८६७ आणि २,६०१, आणि उरलेले नऊ म्हणजे यांचीच ३,७९,७२१ पट. २,६०१ आणि ३,७९,७२१ यांच्या मध्ये एकही विभाजक नाही, ही मोकळी जागा लक्षात ठेवावी.

विभाजकांची बेरीज करण्यासाठी अठरा संख्या मांडण्याचे कारण नाही. (१ + ३ + ९) म्हणजे १३, (१ + १७ + २८९) म्हणजे ३०७, आणि (१ + ३,७९,७२१). यांचा गुणाकार १,५१,५४,७०,५०२ येतो. त्यातून खुद्द संख्या वजा केली की ५२,७८,१६,१८१ उरतात. ही बेरीज संख्येइतकीच भरली असती तर ती परिपूर्ण संख्या ठरली असती; येथे ती कमी आहे, म्हणून ही न्यून संख्या आहे.

संख्येशी सहमूळ असलेल्या तिच्याहून लहान संख्या मोजण्यासाठी प्रत्येक मूळ अवयवाचा एक घात कमी करून त्याला एकने कमी केलेल्या अवयवाने गुणावे: ३ × २, १७ × १६ आणि ३,७९,७२०. म्हणजे ६ × २७२ × ३,७९,७२० = ६१,९७,०३,०४०. शंभरांत साधारण ६३ संख्या सहमूळ, आणि हे प्रमाण जवळजवळ संपूर्णपणे ३ आणि १७ यांनीच ठरवले आहे. त्या मोठ्या मूळ संख्येचा त्यात नाममात्र वाटा आहे.

अशा प्रत्येक गुणाकाराचा पडताळा नऊच्या बाकीने घ्यावा. विभाजकांच्या बेरजेत ३,९९१ ची नऊने बाकी ४, ३,७९,७२२ ची ३, गुणाकार १२, म्हणजे बाकी ३. उत्तराच्या अंकांची बेरीज ३०, म्हणजे बाकी ३. जुळले. मात्र हा पडताळा अंकांची अदलाबदल पकडत नाही. ६१,९७,०३,०४० ऐवजी ६१,७९,०३,०४० लिहिले गेले तर नऊला पत्ता लागणार नाही. म्हणून जोडीला अकराचा पडताळा ठेवावा: उजवीकडून अंकांना आळीपाळीने अधिक-उणे करावे. बरोबर उत्तरात ही बेरीज ० येते, आणि ती यायलाच हवी, कारण ३,७९,७२० ला ११ ने भाग जातो. अदलाबदल झालेल्या उत्तरात उणे ४ येतात आणि चूक उघडी पडते.

दोन वर्गांच्या तीन मांडण्या

एखादी संख्या दोन वर्गांची बेरीज असण्यासाठी ४क + ३ या रूपाच्या प्रत्येक मूळ अवयवाचा घातांक सम असावा लागतो. येथे तसा अवयव फक्त ३ आहे आणि तो दोनदा आला आहे, म्हणून अट पुरी होते. मांडण्या किती, हे ४क + १ रूपाच्या अवयवांवर ठरते. १७ चा घातांक २, मोठ्या अवयवाचा १; एकेक मिळवून ३ × २ = ६, आणि वर्गांचा क्रम व चिन्हे सोडून दिल्यावर त्याच्या निम्म्या, म्हणजे तीन.

त्या शोधण्यासाठी ब्रह्मगुप्ताच्या भावनेचे साधे रूप वापरावे: दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणले तर गुणाकारही दोन वर्गांची बेरीजच असतो, आणि तो दोन प्रकारे मांडता येतो. २८९ म्हणजे १५ चा वर्ग अधिक ८ चा वर्ग. ६११ व ८० या जोडीला १५ व ८ या जोडीशी तिरके-सरळ गुणावे. ६११ × १५ मधून ८० × ८ वजा केले की ८,५२५, आणि ६११ × ८ मध्ये ८० × १५ मिळवले की ६,०८८. चिन्हे उलटी घेतली की ९,८०५ आणि ३,६८८. दोन्ही जोड्यांना ३ ने गुणले की दोन मांडण्या तयार होतात: २५,५७५ व १८,२६४ यांचे वर्ग, आणि २९,४१५ व ११,०६४ यांचे वर्ग. तिसरी मांडणी सर्वांत सोपी, ६११ आणि ८० यांची ५१ पट: ३१,१६१ व ४,०८०. शेवटच्या जोडीचा पडताळा येथेच पाहावा: ९७,१०,०७,९२१ अधिक १,६६,४६,४०० बरोबर ९८,७६,५४,३२१.

अंकांचे गुणधर्म आणि यंत्राची मर्यादा

आतापर्यंतचे गुणधर्म संख्येचे स्वतःचे आहेत. ती कोणत्याही पद्धतीत लिहिली तरी ते बदलत नाहीत. अंकांचे गुणधर्म मात्र लिहिण्याच्या पद्धतीवर टिकून असतात, म्हणून मी त्यांना दुय्यम मानतो, पण त्यांतली गंमत नाकारत नाही. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी अभ्यासलेली क्रिया अशी: अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची. आपली संख्या आधीच उतरत्या क्रमात आहे. तिच्यातून १२,३४,५६,७८९ वजा केले की ८६,४१,९७,५३२ येतात. या उत्तरात पुन्हा १ ते ९ हे सगळे अंक एकेकदाच आहेत, त्यामुळे क्रिया पुन्हा केली तरी तेच उत्तर येत राहते. चार अंकी संख्यांत ६१७४ चे जे स्थान आहे, तेच नऊ अंकी संख्यांत हिचे. फरक एवढाच की नऊ अंकांत अशी संख्या ही एकटीच नाही.

द्विमान पद्धतीत आपली संख्या ११ १०१० ११०१ १११० ०११० १००० १०११ ०००१ अशी लिहिली जाते: तीस अंक, त्यांत सतरा एक. शेवटचे ०००१ आपल्याला लिहिण्याआधीच माहीत होते, कारण १६ ने भागल्यास बाकी १ उरते.

संगणकावर काम करताना एक खड्डा हमखास लागतो. या संख्येचा वर्ग अठरा अंकी आहे: ९७५४६१०५७७८९९७१०४१. नेहमीच्या स्प्रेडशीटमध्ये पंधराच अंक नेमके राहतात, त्यामुळे तेथे शेवटचे ०४१ जाऊन ००० दिसते आणि कोणतीही सूचना मिळत नाही. खऱ्या वर्गाच्या अंकांची बेरीज ९० आहे, स्प्रेडशीटमधल्या उत्तराची ८५. नऊच्या पटीतल्या संख्येच्या वर्गाची अंकबेरीज ८५ येऊच शकत नाही, म्हणून नऊचा जुना पडताळा येथेही चूक पकडतो. मोठे पूर्णांक पूर्ण अंकांनिशी हाताळणारी भाषा, उदाहरणार्थ पायथॉन, वापरली की ही अडचण येत नाही.

भावंडासारख्या संख्येवर सराव

सरावासाठी १२,३४,५६,७८९ घ्यावी. दोघींचा मसावि काढायला अवयव लागत नाहीत: तिची आठपट केली की ९८,७६,५४,३१२ होतात, बाकी ९, आणि नऊने दोघींनाही भाग जातो. म्हणून मसावि ९, आणि १७ किंवा ३,७९,७२१ यांपैकी कोणीही तिचा अवयव नाही.

नऊने भागल्यावर १,३७,१७,४२१ उरतात. येथे फर्माची रीत लावावी: वर्गमूळाच्या लगेच वरच्या संख्येपासून सुरुवात करून तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करायची आणि बाकी वर्ग आहे का ते पाहायचे. ३,७०४ च्या वर्गातून वजा केल्यास २,१९५ उरतात, तो वर्ग नाही. ३,७०५ च्या वर्गातून वजा केल्यास ९,६०४, म्हणजे ९८ चा वर्ग. दोनच प्रयत्नांत अवयव मिळाले: ३,७०५ वजा ९८ म्हणजे ३,६०७, आणि अधिक ९८ म्हणजे ३,८०३, दोन्ही मूळ संख्या. हीच रीत ९८,७६,५४,३२१ वर चालवली असती तर पहिले यश १,९१,१६१ या संख्येपाशी, म्हणजे १,५९,७३५ व्या प्रयत्नात मिळाले असते, कारण ही रीत एकमेकांजवळचे अवयव शोधते आणि तेथे २,६०१ व ३,७९,७२१ यांच्या मध्ये ती मोठी मोकळी जागा आहे.

१२,३४,५६,७८९ लाही चारने भागल्यावर १ उरतो. तरीही तिच्यासाठी दोन वर्ग शोधत बसू नये: ३,६०७ आणि ३,८०३ या दोघांनाही चारने भागल्यास ३ उरतात, दोघेही एकेकदाच आले आहेत, म्हणून अशी एकही जोडी अस्तित्वात नाही.